कोल्हापुरातला उजेड आणि ऊन: अक्षांश, दिवसाची लांबी आणि तापमान याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबरात कामावरनं बाहेर पडेपर्यंत अंधार पडलेला असतो आणि जूनमध्ये सात वाजले तरी रंकाळ्यावर चांगलं दिसत असतं, असं का, इथपासनं ते लंडनला गेलेल्या पोरानं रात्री नऊला काढलेल्या फोटोत ऊन कसं काय, इथपर्यंत सगळे प्रश्न शेवटी एकाच मुद्द्याशी येतात, तो म्हणजे अक्षांश. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो म्हणजे पुढं गोंधळ होणार नाही. उजेड किती तास राहणार हे जवळपास पूर्णपणे अक्षांश आणि तारीख मिळून ठरवतात, त्यात ढग नाही, समुद्र नाही, कुणाचं काही चालत नाही. तापमानाचं तसं नाही, ते अक्षांशापासनं सुरू होतं आणि मग समुद्र, उंची, पाऊस, माती, वारा सगळे त्यात हात घालतात. लोक या दोन गोष्टी एकत्र करतात आणि मग "दिवस एवढा मोठा तरी थंडी कशी" असं विचारत बसतात.

कोल्हापूर नेमकं कुठल्या अक्षांशावर आहे?

साधारण १६.७ अंश उत्तर. म्हणजे विषुववृत्तापासनं सरळ उत्तरेला अंदाजे १,८५० किलोमीटर, कारण एक अंश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर. आणि कर्कवृत्त आहे साडेतेवीस अंशाच्या किंचित खाली, ते आपल्या बरंच वर, मध्य प्रदेशातनं जातं. त्यामुळं आपण उष्ण कटिबंधात पक्के आत बसलोय आणि सूर्य वर्षातनं दोनदा आपल्या बरोबर डोक्यावर येतो. दिल्लीकरांच्या डोक्यावर तो कधीच येत नाही, ते कर्कवृत्ताच्या पलीकडं आहेत.

उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून गरम होतं ना?

नाही, आणि हा गैरसमज शिकलेल्या माणसांतही इतका पक्का बसलाय की सांगून सांगून दमायला होतं. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, अंतर साधारण १४.७ कोटी किलोमीटर, आणि सगळ्यात लांब जुलैच्या पहिल्या आठवड्यात, १५.२ कोटी. म्हणजे आपण स्वेटर घालून फिरतो तेव्हाच सूर्य जवळ असतो. खरं कारण पृथ्वीचा कललेला आस, तो साधारण २३.४ अंश कललाय आणि वर्षभर एकाच दिशेला रोखून राहतो, त्यामुळं जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडं झुकलेला असतो आणि डिसेंबरात दक्षिण. झुकल्यानं दोन गोष्टी एकदम होतात, दिवस लांबतो आणि ऊन सरळ पडतं. अंधाऱ्या खोलीत बॅटरी भिंतीवर सरळ मारली तर लख्ख गोल पडतो, तीच तिरकी धरली की तोच उजेड पसरून फिका होतो, तिरक्या उन्हाचं अगदी तसंच.

कोल्हापुरात सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस किती तासांचा?

२१ जूनच्या आसपास दिवस साधारण १३ तास ८ मिनिटांचा, सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास मावळतो. २१-२२ डिसेंबरला दिवस ११ तास ८ मिनिटांचा, उगवतो सातला दोन-तीन मिनिटं कमी असताना आणि मावळतो सहा वाजून पाच मिनिटांनी. म्हणजे वर्षभराचा फरक बरोबर दोन तासांचा.

हे दोन तास किती कमी आहेत ते बाकीच्यांशी ताडून बघितलं की कळतं. कन्याकुमारीला हा फरक तासाभराच्याही आत आहे. पुण्यात २१ जूनचा दिवस आपल्यापेक्षा सहा-सात मिनिटांनी मोठा, नागपुरात सतराएक मिनिटांनी. दिल्लीत मोठा दिवस जवळपास १४ तास आणि लहान १० तास २० मिनिटं, श्रीनगरात साडेचौदाच्या जवळ आणि दहाला थोडा कमी. लंडनला १६ तास ३८ मिनिटं आणि ७ तास ५० मिनिटं. आइसलँडच्या रेक्याविकमध्ये जूनला २१ तास आणि डिसेंबरात फक्त चार.

दिवस रोज सारखाच वाढतो का?

नाही. जून आणि डिसेंबरच्या टोकांना तो जवळपास थांबलेला असतो, दिवसाला काही सेकंदच फरक, आणि मार्च-सप्टेंबरला सगळ्यात वेगानं बदलतो. त्या वेळी कोल्हापुरात रोज साधारण एक मिनिट आणि लंडनला रोज चार मिनिटं. चार मिनिटं रोज म्हणजे आठवड्यात अर्धा तास, म्हणून तिकडच्या लोकांना वसंत आल्याचं एकदम जाणवतं आणि आपल्याला ते हळूहळू कळतं, खरंतर कळतही नाही.

२१ मार्चला दिवस-रात्र सारखी असते म्हणतात, पण मोबाईलमध्ये दिवस मोठा दाखवतो. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. सूर्याची वरची कड दिसली की सूर्योदय धरतात आणि शेवटची कड बुडाली की सूर्यास्त, वर हवेच्या थरांमुळं किरण वाकतात त्यामुळं सूर्य क्षितिजाखाली असतानाही आपल्याला वर दिसतो. हे दोन्ही मिळून कोल्हापुरात सात-आठ मिनिटं वाढतात. खरा बारा तासांचा दिवस आपल्याकडं आठवडाभर आधी, मार्चच्या १२-१३ तारखेला येऊन जातो.

सगळ्यात लहान दिवस २१ डिसेंबरला, मग जानेवारीत सकाळी जास्त अंधार का असतो?

पहाटे तालमीला किंवा रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्यांना हे अगदी बरोबर जाणवतं, आणि त्यांचं बरोबरच आहे. कोल्हापुरात सगळ्यात उशिराचा सूर्योदय २१ डिसेंबरला नसतो, तो जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात असतो, सात वाजून पाच मिनिटांच्या आसपास. आणि सगळ्यात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात, सहाला दोन-तीन मिनिटं कमी असताना. म्हणजे सहा वाजता अंधार पडायला लागला म्हणून आपण डिसेंबरात तक्रार करतो, तोवर संध्याकाळ हळूच मोठी व्हायलाही लागलेली असते.

कारण असं की आपलं घड्याळ चोवीस तासांनी टिकटिक करतं पण सूर्य रोज बरोबर चोवीस तासांनी माथ्यावर येत नाही. पृथ्वीची कक्षा थोडी लांबट आहे आणि आस कललाय, म्हणून कधी तो घड्याळाच्या पुढं जातो कधी मागं पडतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कोल्हापुरात खरी दुपार १२ वाजून १७ मिनिटांच्या आसपास होते आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४७ मिनिटांनी. दुपारच सरकली की सूर्योदय-सूर्यास्त दोन्ही तिच्याबरोबर पुढं सरकतात, दिवस तेवढाच राहिला तरी.

अंबाबाईचा किरणोत्सव याच्याशी जोडलेला आहे का?

आहे, आणि मला विचाराल तर अक्षांश-ऋतू समजून घ्यायला याच्याएवढं सुंदर उदाहरण कोल्हापूरकराला दुसरीकडं शोधायची गरज नाही. मंदिर पश्चिमाभिमुख. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, गरुड मंडपातनं पुढं गाभाऱ्यापर्यंत जातात आणि देवीच्या चरणांपासनं मुखापर्यंत पोचतात. पारंपरिक तारखा दोन जोड्यांत आहेत, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी.

आता कॅलेंडर घ्या आणि मोजा. १० नोव्हेंबरपासनं २१ डिसेंबर किती दिवस? ४१. आणि २१ डिसेंबरपासनं १ फेब्रुवारी? ४२. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या दोन्ही बाजूंना या तारखा समान अंतरावर आहेत. सूर्य नोव्हेंबरात दक्षिणेकडं सरकत असतो, डिसेंबरात टोकाला जाऊन वळतो आणि फेब्रुवारीत उत्तरेकडं परत येताना पुन्हा त्याच जागेवरनं जातो. दोन्ही वेळा तो आकाशात विषुववृत्ताच्या साधारण १७ अंश दक्षिणेला असतो आणि कोल्हापूरच्या अक्षांशावरनं बघितलं तर बरोबर पश्चिमेच्या साधारण १८ अंश डावीकडं, म्हणजे दक्षिणेकडं, मावळतो. मंदिराची वाट त्या दिशेला उघडी आहे. हेच मंदिर तसंच्या तसं उचलून श्रीनगरला नेऊन ठेवलं तर तारखा चुकतील, कारण तिथं त्याच दिवशी सूर्य आणखी दक्षिणेला मावळतो.

तीनच दिवस का, तर या काळात मावळतीची जागा रोज सूर्याच्या स्वतःच्या रुंदीच्या निम्म्याहून थोडी जास्त सरकते, त्यामुळं दोन-तीन दिवसांत वाट निसटते. आणि अजून एक गंमत आहे ती फार जण बघत नाहीत. नोव्हेंबरात त्या दिवशी सूर्यास्त सहाच्या ठोक्याला असतो आणि फेब्रुवारीत त्याच जागी साधारण साडेसहाला, जवळपास अर्ध्या तासाचा फरक, कारण वर सांगितलेली ती सरकणारी दुपार. जागा तीच, दिवसाची लांबी तीच, घड्याळ वेगळं.

ज्यांनी हे बांधलं त्यांनी क्षितिजावरचा सूर्य वर्षानुवर्षं नीट बघितला असणार, त्याशिवाय हे जमत नाही. म्हणूनच किरणांच्या वाटेत कुठलंही बांधकाम येऊ नये यासाठी गावानं काटेकोर राहायला पाहिजे, असं मला मनापासनं वाटतं. ढग, धुकं, हवेतली धूळ हे आपल्या हातात नाही, भिंती आणि मजले आहेत.

शून्य सावलीचा दिवस म्हणजे काय आणि तो कोल्हापुरात कधी असतो?

ज्या दिवशी खऱ्या दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्याच बुडाशी गायब होते तो दिवस. कोल्हापुरात मेच्या ६-७ तारखेला आणि परत ऑगस्टच्या ६ तारखेच्या आसपास. ऑगस्टचा बहुतेक वेळा ढगातच जातो, त्यामुळं मेमधलाच बघायचा, साडेबाराच्या सुमाराला. पुण्यात तो १३-१४ मेच्या आसपास, मुंबईत १५-१६ मेला, नागपुरात २६ मेच्या सुमारास, असा सूर्य एकेक गाव घेत वर सरकतो.

या दोन तारखांच्या मधे, म्हणजे मे ते ऑगस्ट असे तीन महिने, दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. घराच्या उत्तरेच्या भिंतीवर, जिथं बाकी वर्षभर भरदुपारी ऊन येतच नाही, तिथं मेमध्ये दुपारीही ऊन दिसतं ते यामुळं.

मग जूनमध्ये दिवस सगळ्यात मोठा, सूर्य जवळपास डोक्यावर, तरी एप्रिलच जास्त का तापतो?

उजेड एक आणि तापमान दुसरं असं सुरुवातीला म्हटलं ते इथं उघड दिसतं. कोल्हापुरात सगळ्यात गरम महिना एप्रिल, दुपारचं तापमान सरासरी ३७ अंशांच्या आसपास जातं. मेमध्ये सूर्य डोक्यावर आला तरी एव्हाना वळीव सुरू झालेला असतो, संध्याकाळी ढग येतात, गारा पडतात, पश्चिमेकडनं दमट वारं सुटतं. आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मान्सून आला की विषयच संपला. जुलैत दुपारी २६-२७ अंश, कारण ढगांनी ऊन वरच्यावर परत पाठवलं आणि जे थोडं खाली आलं ते ओल्या जमिनीतलं पाणी वाळवण्यात खर्च झालं. आपल्या जुलैचा दिवस मार्चच्या दिवसापेक्षा चांगला तासभर मोठा असतो आणि तरी मार्च जास्त गरम असतो.

युरोपात असं होत नाही. तिथं २१ जूननंतर महिनाभरानं, जुलैत, सगळ्यात गरम होतं, कारण समुद्र आणि जमीन तापायला वेळ घेतात. आपल्याकडं हा उशीर व्हायच्या आतच पाऊस येऊन मधे उभा राहतो.

दिल्ली आपल्यापेक्षा उत्तरेला, तरी मे-जूनमध्ये तिथं ४४-४५ आणि आपल्याकडं चाळिशीही क्वचित. उलटं नाही का झालं?

उन्हाळ्यात अक्षांशाचा हिशोब थोडा फिरतो. २१ जूनला वातावरणाच्या वर दिवसभराचं एकूण ऊन मोजलं तर दिल्लीला आपल्यापेक्षा साधारण सहा टक्के जास्त मिळतं, कारण दुपारचा सूर्य तिथंही जवळपास आपल्याएवढाच डोक्यावर असतो आणि दिवस पन्नास मिनिटांनी मोठा असतो. वर तिथं मान्सून पोचायला जूनचा शेवट उजाडतो, समुद्र लांब, राजस्थानकडनं कोरडं वारं. आपण ५५०-५७० मीटर उंचीवर, समुद्र सह्याद्रीच्या पलीकडं शंभरेक किलोमीटरवर.

डिसेंबरात मात्र अक्षांश पूर्ण आपल्या बाजूनं असतो. तेव्हा कोल्हापूरला दिल्लीपेक्षा साधारण एकतृतीयांश जास्त ऊन मिळतं आणि लंडनपेक्षा चौपट. आपल्याकडं डिसेंबरातल्या दिवसाला जूनच्या जवळपास ७० टक्के ऊन येतं, लंडनला सहावा हिस्सा. आपली थंडी म्हणजे पहाटेची शेकोटी आणि दुपारी परत शर्टावर, याचं मूळ या आकड्यात आहे.

कोल्हापूरच्याच अक्षांशावर जगात अजून कुठली गावं आहेत? तिथलं हवामान आपल्यासारखंच असतं का?

हा प्रश्न मला फार आवडतो. आपली रेषा पूर्वेकडं नेली तर आंध्रात विजयवाडा जवळ लागतं, पुढं म्यानमारचं यांगून, आणि पश्चिमेकडं आफ्रिकेत माली देशातलं टिंबक्टू, अजून पुढं समुद्र ओलांडून मेक्सिकोचं अकापुल्को. हे सगळे १६.५ ते १७ अंशांच्या मधे. या सगळ्या ठिकाणी आजचा दिवस कोल्हापूरएवढाच मोठा आहे, मिनिट-दोन मिनिटांचा फरक. सूर्य त्याच उंचीवर चढतो, शून्य सावलीही जवळपास त्याच तारखांना.

पण टिंबक्टू सहाराच्या काठावर आहे, तिथं मे-जूनमध्ये दुपारी चाळीसच्या वर जाणं रोजचं. विजयवाडा मेमध्ये भट्टीसारखं तापतं, कारण नैर्ऋत्य मान्सूनचा जोर तिथं उशिरा आणि कमी पोचतो. यांगून आपल्यापेक्षाही भिजतं. अकापुल्को समुद्रावर असल्यानं वर्षभर जवळपास एकसारखं उबदार. लांब कशाला जायचं, रत्नागिरी बघा, अक्षांश जवळपास आपलाच, पण समुद्रामुळं तिथं जानेवारीची पहाट आपल्यासारखी गार नसते आणि एप्रिलची दुपार आपल्यासारखी कोरडी भाजणारी नसते, घाम मात्र भरपूर.

पन्हाळा तर इथंच आहे, तिथं गार का?

अक्षांश नाही, उंची. पन्हाळा शहरापेक्षा साधारण ४०० मीटर वर आहे आणि हवा दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी गार होत जाते, म्हणजे अडीच अंशांचा फरक नुसत्या उंचीनं. शिवाय तिथं वारंही असतं.

लंडनला रात्री नऊ वाजता ऊन कसं?

५१.५ अंश उत्तर, म्हणून जूनचा दिवस साडेसोळा तासांचा, हे झालं एक. दुसरं म्हणजे ते लोक घड्याळ पुढं करतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागं. त्यामुळं जूनमध्ये तिथं सूर्यास्त ९ वाजून २१ मिनिटांनी होतो. शिवाय संधिप्रकाश लांबतो. आपल्याकडं सूर्य सरळ खाली बुडतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत अंधारतं, तिथं तो तिरका घसरत जातो म्हणून पाऊण तास तरी वाचता येईल एवढा उजेड राहतो. मुलंबाळं तिकडं असतील तर एवढं लक्षात ठेवा की हिवाळ्यात आपण साडेपाच तास पुढं आणि उन्हाळ्यात साडेचार. भारतात घड्याळ बदलायची गरज नाही कारण वाचवण्यासारखा जास्तीचा उजेडच फारसा नाही.

आणि हो, २१ जूनला लंडनला दिवसभराचं ऊन वातावरणाच्या वर मोजलं तर कोल्हापूरपेक्षा सात-आठ टक्के जास्त असतं. तरी तिथं कोल्हापूरच्या एप्रिलसारखं रोज भाजत नाही, कारण ते ऊन सोळा तासांत पसरलेलं असतं, वातावरणातनं तिरकं येतं आणि अटलांटिकचं वारं सतत गारवा आणतं. तेच वारं आणि समुद्राचे उबदार प्रवाह हिवाळ्यात लंडनला सांभाळतात. त्याच अक्षांशावर कॅनडात कॅलगरी आहे, तिथला हिवाळा हाडं गोठवणारा.

नॉर्वेत मध्यरात्री सूर्य दिसतो म्हणतात ते खरं आहे का?

खरं आहे. ६६.५ अंशांच्या वर गेलं की वर्षात किमान एक दिवस तरी सूर्य मावळतच नाही आणि एक दिवस उगवतच नाही. नॉर्वेतलं ट्रॉम्सो साडेएकोणसत्तर अंशांच्या थोडं वर आहे, तिथं मेच्या तिसऱ्या आठवड्यापासनं जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य आकाशातच गोल फिरतो आणि नोव्हेंबरच्या शेवटापासनं जानेवारीच्या मध्यापर्यंत तो दिसत नाही. दक्षिणेकडं अंटार्क्टिकात भारताचं मैत्री हे संशोधन केंद्र साधारण पावणेएकाहत्तर अंशांवर आहे. तिथं मे ते जुलैच्या दरम्यान दोन महिन्यांची रात्र असते आणि आपली माणसं त्या काळात तिथं राहून काम करतात.

ध्रुवावर सहा महिने दिवस, मग बर्फ वितळून का जात नाही?

२१ जूनला उत्तर ध्रुवाला दिवसभरात मिळणारं ऊन, परत वातावरणाच्या वरचं, कोल्हापूरपेक्षा साधारण १७ टक्के जास्त असतं. ऐकायला विचित्र वाटतं पण चोवीस तास सूर्य असल्यावर बेरीज होतेच. फक्त पांढरा बर्फ त्यातलं बरंचसं ऊन परत फेकतो, उरलेलं बर्फ वितळवण्यात जातं, आणि पाठोपाठ सहा महिन्यांची रात्र येऊन सगळी उष्णता आकाशात सोडून देते.

ऑस्ट्रेलियात डिसेंबरात उन्हाळा, मग त्यांचा सूर्य पण उलटा फिरतो का?

उगवतो पूर्वेलाच. पण सिडनी-मेलबर्नहून दुपारचा सूर्य उत्तरेला दिसतो, त्यामुळं उत्तरेकडं तोंड करून उभं राहिलं तर तो उजवीकडनं डावीकडं जातो. मेलबर्नची २६ डिसेंबरला सुरू होणारी टेस्ट ऐन उन्हाळ्यात आणि लांब दिवसांत खेळली जाते, उजेडाची चणचण नसते.

गुवाहाटीत हिवाळ्यात साडेचारलाच अंधार पडतो, तो पण अक्षांशामुळं?

थोडासा, पण मुख्य कारण रेखांश. देशभर घड्याळ एकच, ८२.५ अंश पूर्वचं. गुवाहाटी जवळपास ९२ अंशांवर आणि आपण ७४ वर, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सत्तर मिनिटांचा फरक नुसता त्याचाच.

उसाला तुरा येतो त्याचा दिवसाच्या लांबीशी काय संबंध?

थेट संबंध आहे, आणि आपल्या जिल्ह्याला हे माहीत असलंच पाहिजे. ऊस दिवसाची लांबी ओळखतो. दिवस लहान होत होत साधारण साडेबारा तासांवर आला की कोंब पान करायचं सोडून फुलोऱ्याकडं वळतो. कोल्हापुरात ही वेळ ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात येते, २५ ऑगस्टला आपला दिवस १२ तास ३३ मिनिटांच्या आसपास असतो. तुरा डोळ्याला दिसतो पावसाळा संपल्यावर, पण निर्णय तेव्हाच झालेला असतो, म्हणून तुरा दिसल्यावर काही फवारून उपयोग नाही. तुरा आला की वाढ थांबते, पुढं पांगशा म्हणजे बाजूचे कोंब फुटतात, दशी पडते म्हणजे ऊस आतनं पोकळ होतो, वजन आणि साखर दोन्ही घटतं, म्हणून असा ऊस लवकर तोडलेला बरा. सगळ्या उसाला तुरा येत नाही कारण जात, उसाचं वय, शेतातलं पाणी आणि त्या दिवसांतलं रात्रीचं तापमान हेही लागतं. शाळू आणि शेवंतीही अशीच दिवस लहान झाल्यावर फुलणारी पिकं, शेवंतीच्या शेतात रात्री बल्ब लावतात ते रात्र तोडून फुलं पुढं ढकलण्यासाठी.

सोलर पॅनल कुठल्या दिशेला आणि किती तिरकं लावायचं?

दक्षिणेला तोंड करून, अक्षांशाएवढा कल, म्हणजे आपल्याकडं १५ ते १७ अंश. मे ते ऑगस्ट दुपारचा सूर्य उत्तरेला जातो पण थोडाच, आणि त्यातला बराच काळ ढगांचा, त्यामुळं नुकसान किरकोळ. पॅनल तापलं की दर अंशामागं ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते, म्हणून खालून वारं खेळेल एवढी जागा ठेवा.

संक्रांतीपासनं दिवस तिळातिळानं मोठा होतो, मग २२ डिसेंबरचं काय?

दिवस वाढायला डिसेंबरातच सुरुवात होते. संक्रांत ताऱ्यांच्या हिशोबानं धरतात आणि पृथ्वीचा आस हळूहळू डोलत असल्यानं ती तारीख दर ७०-७२ वर्षांनी साधारण एक दिवस सरकते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी येत होते. पण तिळाची गोष्ट चुकीची नाही, डिसेंबरअखेर कोल्हापुरात दिवस रोज इतका थोडा वाढतो की कळायचं कारण नाही आणि मध्य जानेवारीला तो रोज पंचवीस-तीस सेकंदांवर आलेला असतो.

हे सगळं घरी तपासता येईल का?

येईल की, आणि पोरांकडनं करून घ्याच. एक मीटरची सरळ काठी स्लॅबवर ओळंब्यानं उभी करायची, २०-२१ मार्चला सव्वाबारापासनं दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करायची. सगळ्यात लहान सावली १२ वाजून ४० मिनिटांच्या आसपास मिळेल, आणि ती भरेल ३० सेंटिमीटर. त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो म्हणून सावली आणि काठीवरनं निघणारा कोन म्हणजेच तुमचा अक्षांश, १६.७. हीच काठी २१ जूनला ढग हटले तर १२ सेंटिमीटरची सावली देईल, तीही दक्षिणेकडं, आणि २१ डिसेंबरला ८४ सेंटिमीटरची. लंडनला २१ डिसेंबरला तीच सावली पावणेचार मीटरच्या आसपास जाते.

दिल्लीत कुणी ओळखीचं असेल तर त्याच दिवशी त्यांनाही तिथली सगळ्यात लहान सावली मोजायला सांगा, त्यांची ५४-५५ सेंटिमीटर येईल. दोन्ही कोनांतला फरक जवळपास १२ अंश, आणि दोन्ही शहरांमधलं उत्तर-दक्षिण अंतर साधारण १,३२० किलोमीटर. १२ अंशांना १,३२० तर ३६० अंशांना किती, हे त्रैराशिक मांडलं की पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटरच्या जवळ निघतो. एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं इजिप्तमध्ये बावीसशे वर्षांपूर्वी याच पद्धतीनं काढला होता. काठी ओळंब्यात नसली तर मात्र उत्तर बिघडतं, त्यामुळं गवंड्याकडचा ओळंबा मागून आणा.